दिवाळीच्या महिन्याचे भाडे

"आत्या, बाबा गेले," असे अभयने फोनवर सांगितले तेव्हा मी बुलढाण्याच्या बाजारात दोडके निवडत होते. अभय हा माझ्या थोरल्या भावाचा एकुलता एक मुलगा, पुण्याला नोकरीला असतो. कधी, कसे, असे विचारले तर म्हणाला, मलाही आत्ताच कळले, शकुनबाईंचा फोन आला होता, तू माझ्याआधी पोहोचशील. पिशवी तशीच हातगाडीवर ठेवून मी स्टँडवर आले आणि मिळेल त्या गाडीत बसले. राजूर घाट उतरला, मोताळा गेले, नांदुरा गेले, जळगाव जामोदची पाटी दिसायला लागली, तरी मला रडू येईना. मला राग येत होता. ज्या बाईला घराबाहेर काढायला आम्ही चार वर्षे कोर्टात भांडलो, तिनेच माझ्या भावाच्या मरणाची खबर द्यावी, याचा राग. सकाळी नऊ वाजले तरी दादाचा पेपर ओट्यावर तसाच पडलेला तिने पाहिला, हाका मारल्या, शेजारच्यांना बोलावून दार उघडवले. मी पोहोचले तेव्हा त्याला पलंगावरून खाली घेतलेले होते, उशाशी दिवा होता आणि पायाशी ती बसलेली होती. मला पाहून ती उठली, पदर नीट केला आणि स्वतःच्या खोलीत गेली. मग मला रडू आले.

या गोष्टीला आता दोन महिने होऊन गेले. दादावर कोणीतरी चार ओळी लिहाव्यात असे त्याच्या डेपोतल्या मित्रांचे म्हणणे, आणि त्या तुम्हीच लिहा असा त्यांचा आग्रह. सख्खी बहीण ना मी. त्यांना वाटले असेल, मी लिहीन की माझा भाऊ किती प्रेमळ, किती कर्तव्यदक्ष. तो होताच. पण नुसते तेवढे लिहिले तर ते मी कोर्टात दिलेल्या साक्षीसारखे होईल, आणि तसली साक्ष आयुष्यात एकदा पुरे.

दादा एस.टी.त कंट्रोलर होता. स्टँडवरच्या त्या जाळीच्या खोलीत बसून, कोणती गाडी कुठे लागली, कोणती किती वाजता सुटणार, हे माइकवर सांगायचे त्याचे काम. ते काम त्याच्या इतके अंगात मुरले होते की जेवायची पाने वाढून झाली की घरातही तो "चला, लागली" म्हणायचा. त्याची स्मरणशक्ती भयंकर होती. माझ्या लग्नाचे वऱ्हाड ज्या गाडीने गेले तिचा नंबर त्याला शेवटपर्यंत पाठ होता, ड्रायव्हरने वाटेत कुठे चहासाठी किती वेळ गाडी थांबवली तेही. कागदाचा तर फार काटेकोर. किराणा दुकानदारही त्याला "साहेब, पावती करू का" असे चिडवून विचारायचे. भाड्याची पावती तो स्वतः लिहायचा, आणि प्रत्येक पावतीच्या तळाशी, डेपोतले रजिस्टर मिटावे तशी, एक ओळ असायचीच... 'मागील बाकी नाही.' बाकी असो वा नसो, त्या ओळीशिवाय पावती पुरी झाली असे त्याला वाटायचेच नाही.

घर त्याने कर्ज काढून बांधले होते. मागे राहायच्या तीन खोल्या आणि पुढे रस्त्याच्या बाजूला एक. ती पुढची खोली त्याने वसंता नावाच्या शिंप्याला भाड्याने दिली. वसंता आणि त्याची बायको शकुन, दोघे दोन मशीनवर बसायचे. त्याच्याकडे पँट-शर्ट, तिच्याकडे ब्लाउज आणि फॉल-पिको. आता भाऊबीजेचे सांगते, कारण सगळे तिथून सुरू झाले. माझे सासर मोठे, तीन नणंदा. भाऊबीजेला त्या तिघी माझ्या घरी भावाला ओवाळायला यायच्या आणि मी त्यांच्यासाठी पुरणपोळ्या लाटत बसायची. माझ्या भावाला ओवाळायला जाईन कधी? उद्या येते, परवा येते, करता करता तुळशीचे लग्न उजाडायचे. एका वर्षी अशीच मी गेले नाही. दादा ड्यूटीवरून आला, आंघोळ करून बसला आणि वाट बघत राहिला. तेव्हा वहिनीने पुढच्या खोलीतून शकुनला हाक मारली. वहिनीनेच मला नंतर हे हसत हसत सांगितले होते. ती म्हणाली होती, "अवं, याले ओवाळाले बहीण नाही, तुले ओवाळाले भाऊ नाही. ये, बस आटपलं." शकुनने ओवाळले. दादाच्या खिशात सुटे नव्हते. तो म्हणाला, "या महिन्याचं भाडं देऊ नको. हेच ओवाळणी." झाले. त्या दिवसापासून दर वर्षी दिवाळीच्या महिन्याचे भाडे त्याने तिच्याकडून घेतले नाही. आणि पुढच्या महिन्याच्या पावतीवर नेहमीप्रमाणे ओळ असायची, 'मागील बाकी नाही.'

वसंता गेला, पुढे वहिनीही गेली. पुढच्या खोलीत शकुन एकटी आणि मागच्या खोल्यांत दादा एकटा. मी अधूनमधून जायची तेव्हा मला पावलोपावली ती दिसायची. त्याच्या गोळ्यांचा डबा तिने भरलेला, त्याच्या चष्म्याची दोरी तिने शिवलेली. एका दिवाळीत मी त्याच्यासाठी बुलढाण्याहून चांगल्या दुकानातला शर्ट नेला. तो खुंटीवर टांगला गेला आणि दादा तिने शिवलेला शर्ट घालून फिरत राहिला. बायकांचे ब्लाउज शिवणारी बाई ती, त्या शर्टाची कॉलर सुद्धा बायकी दिसायची, डेपोत लोक हसायचे. हा आपला खुशीत. मी म्हटले, "दादा, काय घातलं हे?" तर म्हणाला, "काऊन वं, चांगला तं हाय." मला तो शर्ट तेव्हा लागला. तो अजून लागतो. माणसाला आपली जागा कोणी घेतली याचा राग येतो, पण ती जागा आपणच रिकामी ठेवली होती, हे आठवत नाही.

मग अभयचे फ्लॅटचे सुरू झाले. त्याला पुण्यात मोठा फ्लॅट घ्यायचा होता आणि त्यासाठी हे घर विकायचे होते. गिऱ्हाईक तयार होते, पण त्याला घर मोकळे पाहिजे होते. अभयने बापाला सांगितले, भाडेकरू काढा. दादा दोन महिने नुसता हो-हो करत राहिला. मग अभयने मला फोन केला आणि मी गेले. मला घराच्या पैशातला रुपया नको होता, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. मला ती बाई तिथे नको होती. दादा म्हणाला, "सुमे, कुठी जाईन थे? गिऱ्हाइकं सारे इथलेच हायत तिचे." मी म्हणाले, "थे तुही बहीण हाय का मी? एकदा ठरव." दादाने पायात चपला सरकवल्या. मग म्हणाला, "वकिलाकडं जाऊन येऊ."

वकीलसाहेब हुशार होते. त्यांनी दोन कारणे काढली. एक, मुलाला त्या खोलीत कॉम्प्युटरचे दुकान टाकायचे आहे. अभय पुण्यातून हलणार नव्हता हे तिथे बसलेल्या सगळ्यांना ठाऊक होते, वकिलांनाही. दुसरे कारण त्यांनी पावतीपुस्तकातून काढले. दर वर्षी एका महिन्याची पावती नव्हतीच. "ही घ्या थकबाकी," ते म्हणाले, "आयतीच." दादा म्हणाला, "थे थकलेलं नाही साहेब, थे तं..." आणि थांबला. माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, "विसरली असंल थे द्याले." वकिलांनी लिहून घेतले. पुढच्या महिन्यांच्या पावत्यांवरची ती तळची ओळ त्यांनी वाचली नाही, मी वाचली नाही, आणि ज्याने लिहिली होती तो गप्प बसला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते आम्ही असे त्या टेबलावर बसून रीतसर करून घेतले.

दावा चार वर्षे चालला. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आमच्या घरात शहाणा एकच होता आणि त्याला आम्ही दोघांनी हाताला धरून ती चढायला लावली. गंमत अशी की वादी आणि प्रतिवादी एकाच घरातून, एकाच वेळी, एकाच कोर्टात पायी निघायचे, रस्त्याच्या दोन कडांनी. दादाला तारखा पाठ. आदल्या संध्याकाळी तो तिच्या खोलीपुढे उभा राहून सांगायचा, "शकुन, उद्या तारीख हाय. अकरा वाजता. गिऱ्हाइकाले बोलावू नको." गाडी सुटायची सांगावी तसे. मी एकदा ऐकले आणि तिथेच त्याच्यावर ओरडले. तो म्हणाला, "तिचं नुकसान नोको व्हाले फुकट." मी म्हटले, "आपण तिले घराबाहेर काढून राह्यलो दादा." तो म्हणाला, "हाव, थे हायेच."

त्याची साक्ष झाली त्या दिवशी मी कोर्टात मागच्या बाकावर होते. तिच्या वकिलांनी सरळ विचारले, "ही बाई तुम्हाला दर भाऊबीजेला ओवाळत होती, आणि तुम्ही त्या महिन्याचे भाडे ओवाळणी म्हणून सोडत होता, हे खरे आहे की नाही?" दादाने आधी तिच्याकडे पाहिले नाही, माझ्याकडे पाहिले. मग म्हणाला, "आठवत नाही." माझ्या लग्नाच्या गाडीचा नंबर ज्याला आठवत होता, तो माणूस हे म्हणाला. मग वकिलांनी एकेक पावती पुढे केली. हे अक्षर कोणाचे? माझे. ही ओळ कोणी लिहिली? मी. काय लिहिले आहे, वाचा. आणि दादाने ती ओळ तशीच मोठ्याने, माइकवर वाचावी तशी वाचली, एकदा नाही, सात पावत्यांवरची सात वेळा.

हे सावरायला मला साक्षीदार केले. मी शपथेवर सांगितले की माझ्या भावाला ओवाळणारी मी एकटी, ही बाई कशी ओवाळेल, तिला भाऊच नाही. मी दर वर्षी भाऊबीजेला सकाळच्या नांदुरामार्गे गाडीने येते, एकही वर्ष चुकवलेले नाही. खोटे बोलायची सवय नसलेला माणूस खोटे बोलतो तेव्हा जास्तच पक्के बोलतो. तिच्या वकिलांनी शांतपणे विचारले, "ज्या दिवाळीत एस.टी.चा संप होता, त्या वर्षीही?" मी म्हणाले, "हो." कोर्टात कोणीतरी हसले. मग माझ्या लक्षात आले. त्या दिवाळीत जळगावहून एक चाक हलले नव्हते. दादा निवृत्त झाला होता, तरी संपकऱ्यांना थर्मासमध्ये चहा नेऊन द्यायचा, आणि मीच त्याला फोन करून म्हणाले होते, गाड्या बंद हायत, कशी येऊ. कंट्रोलरच्या बहिणीने संपातल्या गाडीचे तिकीट काढले होते. वकील म्हणाले, "म्हणजे तुमच्यासाठी खास सोडली होती वाटते." दादा मान खाली घालून बसला होता. त्याच्यासमोर त्याचे डेपोतले दोन मित्र होते, तेही मान खाली घालून. शकुन मात्र माझ्याकडे बघत होती, नीट, डोळे न हलवता.

दावा फेटाळला गेला. मुलाच्या दुकानाची गरज खरी नाही, थकबाकी मुळातच नाही, वादीच्या बहिणीची साक्ष विश्वास ठेवण्याजोगी नाही, असे निकालात लिहिले आहे. ती ओळ माझ्या नावासकट कुठल्यातरी कपाटात आता कायमची आहे. आणि शेवटी, वादीने आपला खर्च आपण सोसावा आणि प्रतिवादीचाही द्यावा, वर खोट्या थकबाकीसाठी भरपाई म्हणून आणखी काही. लोकांना वाटते, हरले की गप्प घरी यायचे. तसे नसते. घरमालकाने भाडेकरूला काढायला जायचे, आणि उलट तिच्याच वकिलाचे पैसे भरायचे, असे ते असते. अभय आधी अपील करू म्हणाला, मग आपल्या कर्जाच्या हप्त्यांचे सांगायला लागला, मग त्याचा फोन कामात असायला लागला. मी पैसे घेऊन गेले. दादा म्हणाला, "तुहे पैसे नोको मले." त्याने पोस्टातली ठेव मोडली आणि ते पैसे घेऊन ओट्यावरून बारा पावले चालत तिच्या दारात गेला. तिने घेतले. लोकांना वाटते ती नाही म्हणाली असेल, डोळ्यांत पाणी आले असेल. तसले काही झाले नाही. तिने पैसे मोजले आणि सही करून कागद दिला. तिने का सोडावेत? चार वर्षे तिने तारखेच्या दिवशी मशीन बंद ठेवले होते.

त्या विषयावर दादा माझ्याशी एकदाच बोलला. आम्ही ओट्यावर बसलो होतो. म्हणाला, "सुमे, तीस वर्सं माइकवर बसलो. गाडी लेट असली तं लेट म्हनलं, रद्द असली तं रद्द. लोकं शिव्या द्यायचे. पन खोटं नाही सांगतलं कधी." मी म्हटले, "माझ्यासाठी बोललास तू, दादा." तो म्हणाला, "हाव. थेच तं." आणि उठून आत गेला. त्याला आता स्टँडवर जायची लाज वाटायची. डेपोतल्या पोरांनी कोणी काही म्हटले नव्हते, पण नवा कंट्रोलर एखाद्याशी थट्टेत "आठवत नाही साहेब" म्हणाला, की हा आपल्यालाच म्हणाला असे धरून घरी यायचा. पुढे जाणेच बंद केले.

गेल्या वर्षीच्या दिवाळीत मी ठरवून भाऊबीजेच्या दिवशीच गेले. नणंदांना सांगितले, यंदा तुमचे तुम्ही बघा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा वेळेवर. पाट मांडला, रांगोळी काढली, दादा पाटावर बसला, मी निरांजन लावत होते, तेवढ्यात दारात शकुन आली. हातात पाकीट. "भाडं," ती म्हणाली. दादा म्हणाला, "कशाचं?" "दिवाळीच्या महिन्याचं." "राहू दे, शकुन." तिने पाकीट उंबऱ्यावर ठेवले आणि म्हणाली, "पावती पाह्यजे, साहेब." जी बाई त्याला इतकी वर्षे दादा म्हणत होती, ती. दादा पाटावरून उठला, कपाटातून पुस्तक काढले, चष्मा लावला आणि लिहायला बसला. रक्कम लिहिली, महिना लिहिला, सही केली. तळाशी पेन थांबले. ती ओळ त्याला लिहिवेना. शकुन उभीच होती. म्हणाली, "लिहा ना. मागची बाकी नाही." त्याने लिहिले. ती पावती घेऊन गेली. तो पुन्हा पाटावर येऊन बसला आणि मी माझ्या भावाला ओवाळले. ओवाळणी म्हणून त्याने ते पाकीट, न उघडता, माझ्या ताटात टाकले. म्हणाला, "घे. हेच पाह्यजे होतं ना तुले."

त्यानंतर तो दहा महिने जगला. डॉक्टरांनी मृत्यूचे कारण हृदय असे लिहिले आहे. मला त्यांच्याशी वाद घालायचा नाही.

यंदाच्या भाऊबीजेला मी पुन्हा गेले. घर बंद असते, किल्ली माझ्याकडे आहे. अभय त्यासाठी गिऱ्हाईक शोधतो आहे, पण भाडेकरूसकट घर कोण घेणार. दादाच्या खोलीत थोडे झाडले, त्याचा चष्मा पुसून पुन्हा तिथेच ठेवला. ज्या बाईला भाऊ नाही तिने भाऊबीजेला चंद्राला ओवाळावे, अशी आपल्याकडे रीत आहे. लहानपणी शेजारची एक काकू ओवाळायची, तेव्हा आम्हाला त्याची मजा वाटायची. संध्याकाळी पश्चिमेला बारीक चंद्र दिसला, तसे मी ताट घेऊन गच्चीवर चढले. खाली पुढच्या खोलीत दिवा होता, मशीनचा आवाज येत होता. ताट कठड्यावर ठेवून मी परत खाली उतरले आणि तिच्या दारात उभी राहिले. चार वर्षांत आणि त्यानंतर मी त्या दारात कधी गेले नव्हते. म्हणाले, "शकुन, चंद्र दिसून राह्यला. वर ये. आता आपल्या दोघीलेही भाऊ नाही."

तिने हातातली शिवण शेवटपर्यंत नेली, दोरा दाताने तोडला आणि मग वर पाहिले.

"मले भाऊ होता कधी, बाई? तुमीच तं सांगतलं कोर्टात, शपथ घेऊन."

तिने पुढचा ब्लाउज मशीनवर घेतला. मी गच्चीवर गेले आणि चंद्र बुडायच्या आत एकटीनेच ओवाळून घेतले.